सरकायचा दिवस

हौसराव आप्पांच्या सात खोल्यांत भाड्यानं राहायचं तर दर अकरा महिन्यांनी एक घर पुढं सरकावं लागायचं. एक नंबरवाले दोनात, दोनवाले तीनात, असं करत सहावाले सातात, आणि सातवाल्यांनी बोचकी उचलून परत एकात यायचं. शिरूरच्या अलीकडं कंपन्या आल्या तेव्हा आप्पांनी उसाच्या रानाचा एक कोपरा मोडून या खोल्या बांधल्या होत्या. एका रांगेत सात, पंधरा बाय दहाच्या, वर सिमेंटचे पत्रे. आमचा मल्हारी तिथल्या एका कंपनीत लागला, म्हणून अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत आम्ही निमोण्याहून आलो. मी, मल्हारी, सूनबाई सुषमा आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांची धनश्री. पहिल्यांदा तीन नंबर मिळाला.

आप्पा वाईट नव्हते. त्यांना भीती होती. त्यांच्या आजोबांची चार एकर जमीन कूळ कायद्यात गेली, कसणाऱ्याच्या नावावर झाली. ते चार एकर त्यांच्या घरात अजून रोज जेवताना ताटात वाढले जायचे. "माणूस बारा म्हैनं एका जागी बसला की त्याचं नाव सातबाऱ्याला चिकटतंय," आप्पा म्हणायचे. ही गोष्ट शेताची, खोलीची नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हांला तरी कुठं माहीत होतं. दौंडचे एक वकील एवढंच म्हणाले होते की अकरा महिन्यांनी जागा रिकामी करून घेत जा. आता सात बिऱ्हाडं घालवायची आणि सात नवी शोधायची, हा व्याप कोण करणार? म्हणून हे सरकणं.

बरं, नुसतं सरकूनही चालायचं नाही. सामान टेंपोत भरायचं, टेंपो न्हावरा फाट्यापर्यंत जायचा, तिथं वळसा घालून परत यायचा, आणि मग आपण शेजारच्या दारात उतरायचं.

"गाव सोडल्याबिगर जागा रिकामी झाली आसं हुतच न्हाई," आप्पा सांगायचे. टेंपो त्यांचा, चालवायचेही तेच. पंधरा फुटांच्या प्रवासाला सात खेपा, दिवस मावळायचा. आप्पांची तारीख इंग्रजी, महिन्याची सात. नव्व्याण्णव साली ती नेमकी लक्ष्मीपूजनाला आली. मी लक्ष्मीची तसबीर मांडीवर घेऊन टेंपोत बसले आणि फाट्याला वळसा घालून आले. त्या संध्याकाळी दिवा लावताना मला कळेना, लक्ष्मी चार नंबरात यायला निघाली असेल तर तिला पाचातला पत्ता सांगायचा कुणी?

हळूहळू सगळ्याची सवय झाली. खिळे आपण ठोकायचे आणि पुढच्याला सोडून जायचे. पत्र सहा नंबरला आलं की ज्याचं आहे तो सातात गेलेला असायचा. रेशनकार्डासाठी भाड्याची पावती मागितली तर आप्पा म्हणायचे, "पावती दिली म्हंजी तुम्ही हायती आसं व्हतंय." म्हणजे आम्ही राहत होतो, पण नव्हतो.

या सगळ्यात एकच खोली खरी वाईट, सातवी. आप्पांना रान वाया घालवायचं नव्हतं म्हणून संडासाची टाकी त्यांनी सातव्या खोलीच्या भिंतीला खेटून घेतली होती. ती झिरपायची. भिंतीला बारा महिने घाम असायचा, वर काळी बुरशी, आणि वास असा की उदबत्तीसुद्धा त्यापुढं शरमून विझायची. तिथं कुणी गव्हाचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलं तर आठ दिवसांत पोत्यातून हिरवे कोंब बाहेर यायचे. जो सातात जाई तो खोकू लागे. एकात परत गेला की दोनतीन महिन्यांनी खोकला जाई, तोवर पुढचा खोकायला लागलेला असे.

आता तुम्ही म्हणाल, सात बिऱ्हाडं होती, कुणी बोललं कसं नाही? त्याचंही कारण सरकण्यातच होतं. जे सातातून सुटले ते म्हणत, आमचं भोगून झालं. ज्यांची पाळी लांब होती ते म्हणत, आमची यायचीय कुठं अजून. आणि जे सातात होते ते दिवस मोजत. भिंत कुणाचीच नव्हती.

दोन हजार सालच्या दसऱ्याला, सात ऑक्टोबरला, आम्ही सहात आलो आणि गिताबाई सातात गेली. गिताबाई उरळीकडची, नवरा कंपनीत वॉचमन. बाई मोठी आनंदी. पण दिवाळीपासून तिचा खोकला भिंतीतून आमच्याकडं यायला लागला. आप्पांनी तिला बुरशीवर लावायला देवादिकांची कॅलेंडरं दिली. डाग वाढला की एक कॅलेंडर जास्त. श्रावणापर्यंत तिच्या भिंतीवर पाच झाली होती.

"आक्का," ती म्हणायची, "माज्या भितीवर तेहतीस कोटी हायती, पर एकालाबी नाक न्हाई बगा."

मला हसू यायचं, आणि हसून झालं की मी आमची भिंत चाचपून बघायची. कारण पुढं पाळी आमची होती, आणि धनश्रीला जन्मापासून दमा. शिरूरच्या डॉक्टरांनी मल्हारीला स्पष्ट सांगितलं होतं, हिला ओलीत ठेवलंत तर मी जबाबदार नाही. दुसरीकडं जावं तर कंपनीच्या रस्त्याला खोली मिळत नव्हती. म्हणून श्रावणातल्या एका सोमवारी पूजा आटोपून मी आप्पांच्या ओसरीवर गेले. ते सुपारी कातरत होते.

"आप्पा, सात नंबरची भिंत तेवढी बघा."

"काय झालं तिला?"

"वल हाय. टाकीची."

"आवं बानूबाई, उन्हाळ्यात कूलर लागत न्हाई त्या खोलीला. लोकं महाबळेश्वरला जात्यात आसल्या गारव्यासाठी."

"लेकराला दमा हाय, आप्पा."

"मग अकरा म्हैनंच तर काढायचं. आन् तुमी तर हिंडणारी मानसं. तुमचं आजं-पंजं मेंढरं घिऊन कोकनापातूर चालत जायाचं. तुमाला पंधरा फूट जड व्हय?"

राग आला, पण सोमवारी मी आवाज चढवत नाही. "मेंढरालाबी आम्ही वल्या जागी बसवत न्हाई," मी म्हटलं. "रोज तिन्हीसांजेला भुई हातानं चाचपायची, मगच मेंढरांभोवती जाळ्याची वाघूर लावायची."

"मेंढरं कूळ लावत न्हाईत," आप्पा म्हणाले, आणि एक कॅलेंडर उरलं होतं ते माझ्या हातात दिलं. "भितीला लावा. आत्ताच लावून ठिवा, म्हंजी तिकडं गेल्यावर घाई नगं."

घरी येऊन मी ते कॅलेंडर उघडलं. त्या वर्षी अधिक आश्विन येतोय हे मला संक्रांतीपासून ठाऊक होतं. व्रतं करणाऱ्या बाईला ते ठाऊक असतंच. पण आप्पांची तारीख आणि माझी तिथी मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. सात सप्टेंबर पितृपंधरवड्यात येत होता. पंधरवडा संपला की दुसऱ्याच दिवसापासून अधिक महिना. अधिक संपला की लगेच घटस्थापना, आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. पानं मागंपुढं करून मी तीनदा बघितलं. सप्टेंबरच्या तीन तारखेपासून ऑक्टोबरच्या सव्वीसपर्यंत घर बदलायला एक दिवस मोकळा नव्हता.

मी कॅलेंडर मिटलं आणि देवासमोर बसले. म्हटलं, देवा, तुझे दिवस मी माझ्या कामाला लावतेय का? भिंतीपलीकडून गिताबाई खोकली.

सात सप्टेंबरला सकाळी आप्पा टेंपो घेऊन आले. हॉर्न वाजवला. एक नंबरवाले भांडी बाहेर काढायला लागले. मी दारात उभी राहिले आणि फक्त विचारलं, "आप्पा, पित्रांच्या पंधरवड्यात बिऱ्हाड हलवायचं?"

आप्पा काही म्हणायच्या आत त्यांच्या मागून तुळजाबाई आल्या, त्यांच्या मंडळी. अंगानं किरकोळ, पण घरात कायदा त्यांचा. "आवं, मामंजींची तिथ परवा हाय," त्या म्हणाल्या, "आन् तुमी लोकांच्या चुली हलवाया निगालाय? कावळा शिवंल का पिंडाला? फिरवा तो टेंपो."

आप्पांनी बोटं मोजली. बारा महिने भरायला अजून एक महिना होता. "बरं, अठरा तारखेला," म्हणाले. टेंपो मोकळाच फाट्यापर्यंत गेला आणि परत आला. गेलाच कशाला, कुणी विचारलं नाही.

अठरा तारखेला मी उंबऱ्यावर रांगोळी काढत होते. अधिकाचा पहिला दिवस, त्या महिन्यात मी एकवेळ जेवायचं ठरवलं होतं.

"बानूबाई, आवरा," आप्पा म्हणाले.

"अधिकात, आप्पा?"

"आवं पंधरा फूट! ह्येला काय घर बदलनं म्हंत्यात?"

"मला कुठं कळतंय. गुरुजींना इचारा."

गुरुजींनी पंचांग बघितलं, नाक चोळलं आणि म्हणाले, "उंबरा ओलांडला की वास्तू बदलली. पंधरा फूट असो की पंधरा कोस. शास्त्राजवळ फूटपट्टी नाही."

आप्पा दोन आठवडे जेवले नाहीत, असं तुळजाबाईंनी सांगितलं. जेवले नाहीत म्हणजे एकच भाकरी खाल्ली. रोज संध्याकाळी ते आमच्या रांगेसमोरून फेऱ्या घालायचे आणि आम्हा सगळ्यांकडं असं बघायचे, जणू आमच्या पायांना मुळ्या फुटताहेत. दोन नंबरच्या पोराला एकदा म्हणाले, "एका जागी हुबा राहू नगंस रं." मग एक दिवस ते परत गुरुजींकडं गेले. "आन् उंबरा वलांडलाच न्हाई तर?"

गुरुजींनी पंचांग मिटलं. "मग शास्त्र गप्प आहे," म्हणाले.

सहा ऑक्टोबरला, शनिवारी, आप्पा भैरू गवंड्याला घेऊन आले. बारा महिने भरायला एकच दिवस उरला होता. बेत असा, की दोन खोल्यांमधल्या प्रत्येक भिंतीला भगदाड पाडायचं आणि बिऱ्हाडं त्यातून पलीकडं सारायची. ना दार, ना उंबरा.

"आन् आमी, आप्पा?" गिताबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं. "सातातनं एकात भगदाड कुठनं पाडनार?"

"तुमाला पत्र्यावरनं," आप्पा म्हणाले. त्यांनी शिडी आणली होती.

"माज्या पिठाच्या डब्याला जमंल, मला जमंल का?"

आप्पा गवंड्याकडं वळले. "भैरू, सुरू कर. सहा-सातपासनं घे. ही बाई लई धर्माची हाय, हिला आधी सरकवू."

मी धनश्रीला सुषमाच्या हवाली केलं आणि दारापाशी उभं राहायला सांगितलं. भैरूनं पहार उचलली, भिंतीला एकदा टोचली, आणि पहार दांड्यापर्यंत आत गेली. त्यानं ती काढून बघितली, बोटानं खरवडलं.

"आप्पा," तो म्हणाला, "पहार कशाला? चमचा द्या."

आणि ती भिंत पडली नाही, बसली. दमलेली बाई बसते तशी, खालून ढिली होऊन, हळूच. सातातली ओल तिच्यात कधीची चढली होती. काळी माती, बुरशीचा भुगा, सगळा धुरळा आमच्या खोलीत आला, आणि मागोमाग तो वास. धुरळ्यातून पलीकडं गिताबाई दिसली, हातात पिठाचा डबा धरून, तिच्यामागं ओळीनं पाच देव.

आप्पा मधोमध उभे होते. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खोली एकच झाली होती, तीस फुटांची. "आता तुमी ऱ्हाताय कुठं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"व्हतो तिथंच, आप्पा," मी म्हटलं.

"म्हंजी सहात का सातात?"

तेवढ्यात सुषमा ओरडली, "आत्या!" धनश्रीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली होती. लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ जांभळे पडले होते. मल्हारी कामावर. दारात टेंपो उभा होता.

"आप्पा," मी म्हटलं. मला वाटतं आयुष्यात तेव्हाच एकदा माझा आवाज चढला. "टेंपो काडा!"

आप्पांनी टेंपो काढला. खरं सांगते, माणूस पळाला. सुषमा लेकराला छातीशी धरून पुढं बसली, मी मागं, आमच्याच सरकायसाठी आणलेल्या सुतळीच्या गुंडाळ्यांवर. टेंपो भरधाव न्हावरा फाट्याला आला आणि आप्पांनी हात दाखवून वळसा घातला. घराकडं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप वळले.

सुषमा सासऱ्यासारख्या माणसापुढं कधी मान वर करून बोलत नव्हती. ती किंचाळली, "आवं, दवाखाना शिरूरात हाय! आम्हाला सरकायचं न्हाई, जगायचं हाय!"

आप्पांनी रस्त्याच्या मधोमध टेंपो परत फिरवला. मागच्या आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं. ते रडत होते.

डॉक्टरांनी आधी वाफेचं मशीन लावलं, सुई दिली. अर्ध्या तासानं ओठांचा रंग परत आला. मग ते केसपेपर लिहायला बसले. "पत्ता? ती हौसरावांची सात नंबरची खोली का?"

"सहा नंबर," मी म्हटलं.

"म्हणजे सरकली वाटतं ओल." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आप्पांना ते तोंडानं ओळखत नव्हते. "सहा वर्षं बघतोय मी. दर वर्षी नवं बिऱ्हाड येतं, खोकला तोच असतो. माणसांना किती औषध देऊ? त्या मालकाला म्हणावं, एकदा खोलीलाच घेऊन ये दवाखान्यात."

बाकड्यावर बसलेल्या आप्पांनी टोपी कपाळावर ओढून घेतली.

लेकराला उद्या दुपारपर्यंत ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा डबा घेऊन आले. तुळजाबाईंनी माझ्यासाठी वेगळी भगर दिली होती, रविवारी एकादशी नाही हे माहीत असूनही. धनश्री झोपली होती, श्वास सरळ चालला होता. आप्पा शेजारी बसले. भिंतीवर दवाखान्याचं कॅलेंडर होतं.

"आज सात तारीख," ते म्हणाले. "बारा म्हैनं भरलं, बानूबाई."

"व्हय."

"म्हंजी तुमी कूळ झाला. सातीच्या साती बिऱ्हाडं." त्यांनी टोपी काढली. "आज्यानं चार एकर घालवलं. म्या सात खोल्या घालवल्या. सरकवून सरकवून दमलो वो."

मला त्यांची दया आली. एवढा उंच माणूस, हातात टोपी घेऊन. "आप्पा, तुमची खोली कुनाला पायजे? लेकराला कोरडी भीत पायजे."

"मग तसं लिवून देता? की तुमी कूळ न्हाई?"

"देते की."

मल्हारी आदल्या संध्याकाळी कामावरून थेट तिथं आला होता. त्याला लिहायला बसवलं. केसपेपरच्या पाठीमागं त्यानं लिहिलं, आम्ही कूळ नाही. मग पेन थांबवून म्हणाला, "आप्पा, आमी कूळ न्हाई, तर मग कोन? त्ये लिवाया पायजे. न्हाईतर उद्या कुनीबी इचारंल, ही मानसं हायती कोन."

आप्पा अडखळले. इतकी वर्षं त्यांनी हेच कुठं लिहू दिलं नव्हतं. पण कूळ हा शब्द समोर उभा होता. "लिव," ते म्हणाले. "भाडेकरू. नुस्तं भाडेकरू."

"कुठल्या खोलीचे?"

"सहा... लिव सहा. कायमचं सहाच लिव बाबा."

"भाडेकरू तर मग दर महिन्याला पावती," मल्हारी लिहीत म्हणाला.

"लिव. पावतीवर भाडेकरूच लिवनार म्या. मोठ्या अक्षरात!"

"आन् टाकी भितीपासनं लांब," मी म्हटलं. "सरकायचंच आसंल तर तिनं सरकावं."

आप्पांनी पेन घेतलं. मग सही केली, इतक्या जोरात की कागद फाटला. आम्ही फक्त भाडेकरू निघालो या आनंदात त्यांनी कंपाउंडरला चहा पाजला. संध्याकाळपर्यंत सातही बिऱ्हाडांना तसे कागद करून दिले.

नुसत्या कागदानं टाकी सरकली असती की नाही, देव जाणे. पण सातवी खोली राहण्यासारखी उरली नव्हती, म्हणून गिताबाईचं बिऱ्हाड आप्पांच्याच ओसरीवर, उंबऱ्याच्या अलीकडं, नेऊन ठेवलं. तिथं तिच्या खोकल्याला आप्पांच्या झोपायच्या खोलीची भिंत मिळाली. चौथ्या दिवशी तुळजाबाईंनी टाकी उपसायला माणसं बोलावली. पाचव्या दिवशी पलीकडं उसात नवा खड्डा खणायला सुरुवात झाली. "लई रान जाईल," आप्पा म्हणाले. "जाऊ द्या," तुळजाबाई म्हणाल्या, "झोप तर यील."

घटस्थापनेला भैरूनं मधली भिंत उभी करून दिली, तोवर धनश्रीला आम्ही पाच नंबरवाल्यांकडं निजवत होतो. मी देवासमोर बसून सगळं सांगितलं. तुझे दिवस वापरले, चुकलं असेल तर माझ्या पदरात घाल, लेकराच्या नको. घटाला रोज आठवणीनं पाणी घातलं. नऊ दिवसांत धान बोटभर वर आलं.

दसऱ्याला आप्पांनी टेंपो धुतला, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग आमच्या रांगेसमोर येऊन टोपी फिरवत उभे राहिले. त्यांना काय हवंय ते कुणाला कळेना.

"एक फेरी मारू का?" शेवटी म्हणाले. "नुस्तीच. मोकळी. सवय हाय, करमंना."

सगळी चढली. सामान नाही, तसबिरी नाहीत, नुसती माणसं. न्हावरा फाट्याला वळसा घालून टेंपो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली उतरल्यावर निम्मी माणसं सवयीनं आपापल्या पुढच्या दारात शिरली आणि आतल्या माणसांनी त्यांना हसत बाहेर काढलं. गिताबाई तर थेट एक नंबरात जाऊन चुलीपाशी बसली होती.

धनश्री माझा हात धरून पोट दुखेपर्यंत हसत होती. मी तिचं हसू ऐकत नव्हते, हसण्यामागचा श्वास ऐकत होते. त्यात शिट्टी नव्हती. मी तिला घेऊन सहा नंबरचा उंबरा ओलांडला आणि दिव्याला तेल घातलं.